नको तिथे उजेड

धुऊन आलेली फिल्म पहिल्यांदा भिंतीवर लावली तेव्हा खोलीत माझ्याशिवाय माझी बहीण होती आणि तिची सात वर्षांची मुलगी. मुलगी पडद्यावर स्वतःला शोधत होती. सापडलीही, सायकलवर, हँडल घट्ट धरून. पण चित्र असं लुकलुकत होतं, की कोणीतरी दिव्याच्या बटणाशी खेळतंय असं वाटावं. उजव्या बाजूने उजेडाची लाट यायची, पोरीचा अर्धा चेहरा धुऊन न्यायची आणि ओसरायची. मग काही सेकंद सगळं नितळ, पुन्हा लाट. २ मिनिटं ४६ सेकंदांनी रीळ संपलं, फिल्मची शेपटी प्रोजेक्टरवर फटफट वाजू लागली आणि बहीण म्हणाली, "काय उजेड पाडलास गं!"

तिने टोमणा सहज मारला होता. पण पुढचे चार महिने मी जे शोधत होते ते त्यात शब्दशः होतं. उजेड पडला होता खरा. कुठून, ते काही केल्या कळत नव्हतं.

कॅमेरा १६ मिलिमीटरचा, १९६०च्या दशकातला, म्हणजे माझ्याहून थोरला. बॅटरी नाही, मोटर नाही. बाजूची किल्ली पिळून स्प्रिंग ताणायची, बटण दाबायचं, की जेमतेम अर्धं मिनिट तो शिलाई मशीनसारखा चालतो. पुढे फिरत्या चकतीवर तीन लेन्स बसवायची सोय. माझ्याकडे लेन्स एकच, उरलेल्या दोन भोकांना बुचं. कोडॅकने १९२३ साली १६ मिलिमीटरची फिल्म काढली तीच मुळी घरगुती हौशी माणसांसाठी. त्या वेळची ३५ मिलिमीटरची नायट्रेट फिल्म भसकन पेट घ्यायची, म्हणून ही पहिल्यापासून न भडकणाऱ्या ॲसिटेटवर केली. एका फुटात ४० चौकटी, म्हणजे ४० सुटी चित्रं, शंभर फुटांच्या रिळात ४०००. सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने हे सगळं पावणेतीन मिनिटांत संपतं आणि परत मिळत नाही. मी काळ्या-पांढऱ्या रिव्हर्सल फिल्मवर काम करत होते. तिच्यात निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन थेट प्रोजेक्टरवर चढते. हे आत्ता सांगून ठेवते, कारण पुढे सगळं या पट्टीवरच येणार आहे.

असा कॅमेरा म्हणजे अंधार सांभाळणारी पेटी. दार उघडलं की वर भरलेलं स्पूल, खाली रिकामं. वरच्या स्पूलवरची फिल्म दातेरी चाकावरून येते, एक सैल वळसा घेते आणि दोन गुळगुळीत पट्ट्यांच्या मध्ये शिरते. त्याला गेट म्हणतात. तिथे नखासारखी एक पोलादी आकडी फिल्मच्या भोकात शिरते, एक चौकट खाली ओढते, बाहेर येते आणि वर जाते. आकडी ओढत असताना शटरची पाती आड असते. फिल्म स्थिरावली की पाती सरकते आणि उजेड आत येतो. माझ्या कॅमेऱ्यात प्रत्येक चौकटीच्या वाट्याला सेकंदाचा साधारण ६५वा भाग उजेड येतो. एवढ्या जेवणावर ती जगते. तेव्हा दुसरीकडून चिमूटभर उजेड जरी आत आला, तरी तिला तो पोटभर होतो.

पहिला संशय मी लॅबवर घेतला. आपला हात सोडून जगात सगळीकडे दोष दिसतो, तसं झालं. तिथल्या माणसाने शांतपणे विचारलं, "तुमच्याच रिळाबरोबर त्याच टाकीतून आणखी चौघांची रिळं गेली. त्यांच्यात काही नाही. आता सांगा." मी काही सांगितलं नाही.

दुसरा संशय ट्यूबलाइटवर, आणि गंमत म्हणजे तो अर्धा खरा निघाला. रिळाच्या सुरुवातीला घरातले काही फूट होते, भाची टेबलाशी बसून चित्र रंगवतेय. तिथली लुकलुक वेगळी होती: एकसारखी, जलद, सगळ्या चौकटीवर पसरलेली. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. कॅमेरा २४ चौकटी घेतो. १००ला २४ने भागलं की ४ येतात आणि एक षष्ठांश उरतो. म्हणजे प्रत्येक चौकट ट्यूबच्या तालात थोडी थोडी पुढे सरकते आणि सहा चौकटींनी पुन्हा पहिल्या जागी येते. सेकंदाला बरोबर चार झोके. पट्टी हातात घेऊन मोजलं तर दर सहावी चौकट जुळी बहीण असावी तशी सारखी होती. फिरत्या शटरची उघडी बाजू १७२.८ अंशांची असती तर प्रत्येक चौकटीला ट्यूबचे अख्खे दोन ठोके मिळाले असते आणि प्रश्नच उरला नसता. माझ्या कॅमेऱ्याचं शटर १३० अंशांचं, तिथे दीड ठोका बसतो, आणि तो दीड प्रत्येक चौकटीला वेगळा येतो. उपाय सोपा होता, खिडकीपाशी बसवायचं. पण सायकल तर अंगणात, उघड्या आभाळाखाली होती. सूर्याला चोक नसतो.

मग स्प्रिंग. जुन्या कॅमेऱ्यांत वेग सांभाळायला फिरत्या वजनांचा गव्हर्नर असतो. त्यातलं ग्रीस वाळलं की वेग ढळतो, वेग कमी झाला की चौकटीला जास्त उजेड मिळतो. पण ती चूक सावकाश, श्वास घेतल्यासारखी, सगळ्या चौकटीवर सारखी येते. माझी लाट एका बाजूने येत होती. तेव्हा स्प्रिंग सुटली.

उरलं एकच: पेटीला कुठेतरी फट आहे. आणि इथे मी वेडेपणा केला. काळी कापडी टेप आणली आणि कॅमेऱ्याला पट्ट्या मारत सुटले. दाराची कड, दाराची कुलपं, फुटेज मोजणाऱ्या काट्याची काच, हँडल लावायचं भोक, लेन्सच्या चकतीची बुचं, नावाच्या पट्टीचे स्क्रूसुद्धा. शेवटी तो अपघातातून उठलेल्या माणसासारखा दिसायला लागला. भाची म्हणाली, "मावशी, याला काय झालंय?"

टेप मारता मारताच पहिली फट सापडली, आणि तीही डोळ्याने नाही, नखाने. लेन्सच्या जरा मागे, कॅमेऱ्याच्या बाजूला, एक बारीक खाच होती. उभी, मिलिमीटरभर रुंद. मला वाटत होतं ती रचनेतलीच एखादी रेघ आहे. टेपची कड दाबताना नख आत गेलं. ती जिलेटिन फिल्टरची खाच होती. काही कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागे, फिल्मच्या अगदी जवळ, पातळ जिलेटिनचा तुकडा धातूच्या छोट्या चौकटीत घालून सरकवायची सोय असते. फिल्टर वापरा किंवा न वापरा, ती चौकट जागेवर असावीच लागते, कारण खाचेचं झाकण तीच. आधीच्या कोणा मालकाने ती हरवली होती आणि मी उघड्या खिडकीनिशी चित्रं काढत होते. उजवीकडे ऊन असलं की उजवीकडून लाट.

पितळेच्या पातळ पत्र्याचा तुकडा कापला, कानशीने घासून बसता केला, दोन्ही बाजूंनी काळा केला. तो आत सरकताना जो ‘टक्’ आवाज झाला, तो त्या वर्षातला माझ्या आवडीचा आवाज.

दुसरं रीळ घातलं. या वेळी शहाणपणा म्हणून सुरुवातीचे पाच फूट लेन्सवर टोपी लावून चालवले. हा जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय आहे: टोपी लावलेली असताना फिल्मवर जो काही उजेड दिसेल तो लेन्समधून आलेला नसणारच. कॅमेरा टेबलावर ठेवला, बटण दाबलं, पाच फूट गेले. मग टोपी काढली आणि अंगणात गेले. भाची तोवर बरीच तयार झाली होती. सायकलच्या मागे तिची आई धावत होती, मी समोर उभी. पहिल्या दिवसापासून ऐकलेला नियम मी इमानाने पाळला होता: सूर्य पाठीशी, ऊन चित्रावर. संध्याकाळचं उतरतं ऊन माझ्या पाठीवर होतं.

फिल्म आली. टोपीचे पाच फूट शाईसारखे काळे. बाजूची लाट गेलेली. आणि सायकलच्या चित्रावर, मध्ये मध्ये, दुधाळ पडदा. लाट नाही, बाजू नाही, कोपरा नाही. अख्खं चित्र फिकं व्हायचं, काळ्याचं करडं व्हायचं, आणि अर्ध्या-एक सेकंदात पुन्हा जागेवर. आधी निदान रागवायला एक दिशा होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण मी जी चूक करत होते ती आज जुना कॅमेरा उचलणारे बहुतेक जण करतात. मी चित्र बघत होते. भिंतीवर किंवा स्कॅन करून संगणकावर. प्रोजेक्टरचं गेट आणि स्कॅनरचा काप, दोन्ही चौकटीच्या कडा खातात. दोन चौकटींमधली रेघ, कडेची भोकं, भोकांपलीकडचा कोरा काठ, यातलं काही दिसत नाही. आणि गुन्ह्याचे ठसे असतात ते तिथेच. काचेच्या पेटीत दिवा लावून तिच्यावर पट्टी पसरावी, भिंग लावावं आणि चित्राकडे न बघता चित्राच्या आजूबाजूला बघावं. रिव्हर्सल फिल्मवर जिथे उजेड लागलेला नाही ती जागा काळी राहते. तेव्हा चौकटींमधली रेघ काळी असली पाहिजे, काठ काळा असला पाहिजे. रेघेवर करडं दिसलं, की ती फिल्म गेटच्या बाहेर कुठेतरी उजेडात सापडली आहे. दार, वळसा, स्पूल, काहीही. रेघ काळी आणि फक्त चित्र फिकं असेल, तर उजेड गेटच्या खिडकीतूनच आत आला, म्हणजे चोर सरळ दरवाज्यातूनच आला.

हे कळल्यावर मी पहिलं रीळ पुन्हा काढलं आणि तीन रात्री भिंगावर बसले. कंटाळवाणं वाटेल, पण मला त्या रात्री फार आवडल्या. रिळाच्या काठावर मला कधी न दिसलेले फिकट डाग होते. गोलसर कोपऱ्यांचे, चौकोनी, नेमके भोकाच्या आकाराचे. फिल्मवर भोकाचं चित्र कसं उमटेल? स्पूलवर फिल्मचे थर एकावर एक असतात. कडेने शिरलेला उजेड वरच्या थराच्या भोकातून खालच्या थरावर पडतो आणि तिथे भोकाची सावली नव्हे, भोकाचा कवडसा उमटतो. म्हणजे हा डाग लागला तेव्हा फिल्म गुंडाळलेली होती.

आणि हे डाग ठरावीक अंतराने येत होते. मोजले. रिळाच्या सुरुवातीला दर १३ चौकटींनी. पुढे १८ झाले, मग २५, शेवटाकडे ३४च्या आसपास. मी कागदावर आकडे मांडून बराच वेळ बघत बसले आणि मग हसू आलं. शंभर फुटी स्पूलच्या गाभ्याचा व्यास सव्वातीन सेंटिमीटरच्या जवळपास असतो. एक वेढा १० सेंटिमीटरचा. एका चौकटीची उंची भोकापासून भोकापर्यंत ७.६ मिलिमीटर. म्हणजे गाभ्यापाशी एका वेढ्यात १३ चौकटी. स्पूल भरलं की व्यास सव्वाआठ सेंटिमीटरच्या घरात, वेढ्यात ३४. झाडाच्या बुंध्यावरची वर्तुळं मोजावीत तसं हे. माझ्या रिळाची सुरुवात गाभ्यापाशी होती, म्हणजे फिल्म कॅमेऱ्यातून जाऊन खालच्या स्पूलवर गुंडाळली गेल्यावर हा उजेड लागला. वरच्या स्पूलवर लागला असता तर हिशेब उलटा आला असता, सुरुवातीला ३४ आणि शेवटी १३. खालचं स्पूल काढून बघितलं: एक तबकडी एका जागी किंचित वाकलेली. मी ते भर उन्हात उभी राहून कॅमेऱ्यातून काढलं होतं आणि फुशारकीने वर धरून बघितलंही होतं. उजेडात हाताळता येतं म्हणून याला ‘डेलाइट स्पूल’ म्हणतात, पण त्या नावावर फार भरवसा ठेवू नये. तबकड्या फिल्मला चिकटून असतील तोवरच ते खरं.

रंगीत फिल्म असती तर आणखी एक साक्षीदार मिळाला असता. रंगीत फिल्ममध्ये निळ्याला जागणारा थर वर असतो आणि तांबड्याला जागणारा तळाशी. पुढून शिरलेला उजेड पांढुरका दिसतो. पाठीमागून शिरला तर आधी तांबडा थर गाठतो आणि चित्रावर नारिंगी आग लागते. पाठीला काजळीचा काळा थर असलेल्या फिल्मवर मागचा उजेड बहुतेक अडतोच.

पण हे सगळं पहिल्या रिळाचं पाप. दुसऱ्या रिळावर काठ काळे, रेघा काळ्या, भोकं स्वच्छ. आणि तरी चित्रावर दूध. चोर सरळ दरवाज्यातूनच येत होता आणि दरवाजा म्हणजे लेन्स, एवढंच मला सुचत होतं. लेन्स भिंगाखाली घातली, बुरशी नाही, धुकं नाही. शटरच्या पातीवरचा काळा रंग उडून धातू चमकत असेल तर तिथूनही उजेड उडतो, म्हणून लेन्स काढून पाती हळूहळू फिरवत टॉर्चने तपासली. एका कडेला तांदळाएवढा कपचा होता. मॅट काळा लावला. गेटच्या खिडकीच्या कडा तपासल्या. दाराच्या पन्हळीत कोणीतरी कधीतरी स्पंज चिकटवला होता, तो हात लावताच डांबर झाला. जुना फोम असाच मरतो, आधी मऊ, मग चिकट, मग कॅमेराभर. अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन एक अख्खी दुपार तो खरवडला आणि काळी लोकर बसवली. यातल्या कशाचाही त्या दुधाशी संबंध नव्हता, हे आज कळतं. तेव्हा हात चालू ठेवणं बरं वाटत होतं.

शेवटी कॅमेरा घेऊन काकांकडे गेले. काका माझे कोणी नाहीत. आयुष्यभर कॅमेरे दुरुस्त केलेला माणूस, आता हात थरथरतो म्हणून नवीन काम घेत नाहीत, पण बघायला नाही म्हणत नाहीत. मी टेपांचा इतिहास, लोकर, पितळी पत्रा, सगळं सांगितलं. त्यांनी कॅमेऱ्याला हातही लावला नाही.

"फिल्म आणलीस?"

दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली, डोळ्यापाशी नेली, दोन हात पुढे सरकवली.

"रेघ काळी आहे."

"हो ना."

"मग दार कशाला बांधलंस?"

मी गप्प. त्यांनी आणखी थोडी फिल्म सरकवली. "टोपी लावून चालवलास ना? हे काळे फूट तेच?"

"हो. त्यातही काही नाही, म्हणून तर..."

"तेव्हा डोळा कुठे होता?"

मला प्रश्न कळला नाही. टोपी लावल्यावर डोळा लावून बघायचं काय? कॅमेरा टेबलावर होता, मागचा भाग भिंतीकडे.

"बरं, आता सायकल कशी काढलीस, उभी राहून दाखव."

मी उभी राहिले. कॅमेरा डोळ्याला लावला. काका माझ्या मागे आले आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग माझ्या चष्म्याच्या काडीला बोट लावलं. "हा काढत नाहीस?"

"काढला तर दिसत नाही, काका."

"म्हणजे डोळा आणि बघायच्या भिंगाभोवतीचं रबर यांच्यामध्ये एवढी खिंड." अंगठा आणि तर्जनीत त्यांनी अंतर दाखवलं, सेंटिमीटरभर. "आणि सूर्य कुठे होता?"

सूर्य पाठीशी होता.

त्यांनी लेन्स उतरवायला सांगितली. खोलीचा पडदा ओढला. म्हणाले, "पुढच्या भोकातून आत बघ," आणि मागे जाऊन डोळ्याच्या भिंगाशी टॉर्च धरला. आतलं प्रिझम काजव्यासारखं पेटलं. मी कॅमेऱ्याच्या पोटात बघत होते आणि जिथून मी रोज बाहेर बघते तिथून उजेड माझ्याकडे येत होता.

लेन्समधून जे फिल्मला दिसतं तेच डोळ्याला दिसावं, यासाठी दोन प्रमुख वाटा आहेत. १९३७च्या ॲरिफ्लेक्स ३५मध्ये शटरच आरशाचं केलं, तिरकं; फिल्म झाकलेली असते तेव्हा उजेड आरशावरून डोळ्याकडे जातो. दुसरी वाट प्रिझमची. लेन्सच्या मागे उजेड वाटणारं प्रिझम बसवायचं. काही हिस्सा सतत डोळ्याकडे, उरलेला फिल्मकडे. हे चित्र लुकलुकत नाही, फोकस करायला सुखाचं. पण प्रिझमला एकेरी वाहतूक कळत नाही. डोळ्याच्या भिंगातून आत शिरलेला उजेड उलट चालत प्रिझमपर्यंत येतो, तिथे विखुरतो, आणि शटर उघडं असलं की त्यातला थोडा गेटच्या खिडकीतून थेट चौकटीवर जातो. रेघ काळी, काठ काळा, चित्र दुधाळ. डोळा घट्ट टेकलेला असेल तर डोळाच बूच. तो टेकलेला नसेल त्या वेळेसाठी भिंगाशी एक छोटी कळ असते, आतून झाकण ओढणारी. माझ्या कॅमेऱ्यावरही ती होती. ग्रीस घट्ट होऊन अडकली होती आणि ती मोडलेली आहे असं धरून मी तिच्यावरही टेप मारली होती.

काकांनी टेप सोलली. कळीवर थेंबभर पेट्रोल टाकलं, दोन-तीनदा हलवली. ती फिरली.

पुरावा तरी हवा म्हणून तिसऱ्या रिळाचे वीस फूट मी परीक्षेला दिले. पाच-पाच फुटांचे चार भाग, प्रत्येक २०० चौकटींचा. प्रत्येक भागाआधी लेन्ससमोर बोटं धरायची, एक, दोन, तीन, चार, म्हणजे नंतर पट्टीवर गोंधळ नको. मग टोपी लावायची. एक बोट: झाकण बंद. दोन: झाकण उघडं, डोळ्याचं भिंग उन्हाकडे. तीन: चष्म्यासकट माझा डोळा, ऊन पाठीशी. चार: चष्मा काढून डोळा रबरावर दाबलेला. धुऊन आल्यावर काचेच्या पेटीवर पसरलं. एक, काळं. चार, काळं. दोन, सलग करडं. आणि तीन बोटांनंतरचे पाच फूट कुठे काळे, कुठे करडे, मान जरा हलली की फिके, पुन्हा गडद. त्या आठ सेकंदांत माझी मान किती हलते हे मला प्रथमच दिसलं. टोपी लावलेली असूनही फिल्मने माझंच चित्र काढलं होतं.

म्हणून दुसरं रीळ पुन्हा बाहेर काढलं, सायकलचं. आता ते वेगळं वाचता येत होतं. चष्म्याची फट सतत होतीच, तिचा हलका करडेपणा रीळभर आहे. पण दुधाचे मोठे झोत सात होते, आणि एवढा उजेड शिरायला डोळा भिंगापासून पुरता दूर जावा लागतो. मी एकेकापाशी भिंग नेलं. पहिला: पुढचं चाक दगडावर चढतंय. दुसरा: हँडल वळतंय आणि बहीण लांबून हात पुढे करतेय. तिसरा, चौथा, दोन्हींत पाय पेडलवरून सुटलेला. पाचव्यात पोरगी माझ्याच अंगावर येतेय. प्रत्येक वेळी मी कॅमेऱ्यावरून मान वर काढून तिच्याकडे बघितलं होतं, बोट बटणावर तसंच ठेवून. मला यातलं एकही आठवत नव्हतं. सहावा छोटा आहे, ११ चौकटींचा, त्यात कोणी पडत नाही. बहिणीचा हात सीटवरून सुटतो एवढंच.

सातवा रिळाच्या शेवटी. सुरुवातीला भाचीची पाठ आहे, सायकल सरळ लांब चाललीय, मागे कोणी नाही. मग चित्र फिकं व्हायला लागतं, झाडं जातात, कुंपण जातं, आणि स्प्रिंग संपेपर्यंत परत येत नाही. मोजल्या, ९३ चौकटी. शेवटच्या काहींत एक करडा ठिपका तेवढा दिसतो, तोही सायकल म्हणून आधी सांगितलं तरच.

ते वीस फूट टेस्टचे मी फेकले. हे रीळ डब्यात ठेवलंय, वर चिठ्ठी लावून: ‘दुरुस्त करू नये.’